दुरुस्तीचा वैशाख

वैशाख लागला की आमच्या गल्लीत कुलरच्या पाण्यावरून कुरबुरी सुरू होतात, आणि त्याच सुमारास जगाच्या कुठल्या तरी थंड गावातून आमच्या भाषेची माणसं जाहीर करतात, की आता फ्रीझ. म्हणजे गोठवणूक. ही भाषा मराठी नव्हे, घरात आमची अव्वा, म्हणजे आई, बोलते ती कानडीही नव्हे. मी जिच्यावर पोट भरते ती प्रोग्रॅमिंगची भाषा. तिची नवी आवृत्ती वर्षातून एकदा निघते आणि निघण्याच्या आधी काही महिने दार लावून घेतात. आता नवं काही आत येणार नाही, आहे तेच दुरुस्त करायचं. इकडे सोलापुरात डांबर चपलेला चिकटतंय, गच्चीवरच्या टाकीला हात लावायची सोय नाही, दुपारी नळ सोडला तर चहाला चालेल असं पाणी येतंय, आणि पडद्यावर निरोप असतो की सगळं गोठवलेलं आहे. पूर्वी मला दरवर्षी याचं हसू यायचं. हा निरोप यंदाही आला. मी तो वाचला आणि लॅपटॉप मिटून स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांना थोडं सांगायला हवं. अशी भाषा घेतली की तिच्याबरोबर एक डबा फुकट मिळतो, त्याला स्टँडर्ड लायब्ररी म्हणतात. घरातल्या मिसळणाच्या डब्यासारखा. तारखांची वाटी, नावं क्रमाने लावायची वाटी, फाइल उघडायची, निरोप पाठवायची. रोज लागतं ते सगळं त्यात. या वाट्या कुणीतरी सतत पुसत असतं, भरत असतं, गळकी दिसली की बदलत असतं. ही बहुतेक माणसं बिनपगारी. पोरांना शाळेत सोडून आल्यावर, नोकरीतल्या जेवणाच्या सुट्टीत बसून करतात. कुणाची म्हैस आणि कुणाला ऊठबैस. मीही हौसेने अधूनमधून हात लावत असे. मग दुरुस्त्यांची यादी निघते. अमुक तारखेला चुकणारा हिशेब सुधारला, रिकामी फाइल दिल्यावर कोसळणं थांबवलं, अशा शेकडो कोरड्या ओळी. मला त्या वाचायला आवडायच्या. पण एकेका ओळीपाठी कुणाचं तरी काहीतरी अडून बसलेलं असतं, हे मला तेव्हा फक्त डोक्याने कळत होतं.

बसू माझा धाकटा भाऊ. कागदावर बसवराज. नववीत असताना दिवेलागणीला सायकलसकट गटारात गेला, तेव्हा अव्वाने आधी त्याला बडवला आणि मग गुडघा धुतला. पुन्हा गेला, पुन्हा बडवला. तिसऱ्यांदा मात्र अप्पांनी त्याला डॉक्टरकडे नेलं. डोळ्याच्या पडद्याचा आजार निघाला. कडेकडेने दिसेनासं होत जातं, मधलं वर्तुळ लहान लहान होतं आणि एक दिवस तेही मिटतं. बसूचं कॉलेजच्या शेवटच्या वर्षात मिटलं. त्या काळात अव्वा त्याच्या ताटात भाजी कुठे आणि चटणी कुठे हे सांगत बसायची आणि तो म्हणायचा, "मला वासानं कळतंय की." हे तो इतक्या सहज म्हणायचा, की मला राग यायचा. कुणावर, ते सांगता यायचं नाही.

पण कॉम्प्युटर त्याला सुटला नाही. पडदा वाचून दाखवणारा एक आवाज असतो, स्क्रीन रीडर. बसूने तो असा भरधाव सोडला होता की आपल्याला नुसती फोडणीतली मोहरी ऐकू यावी. अव्वा म्हणायची, हे काय मिक्सर लावून बसलाय. त्या तडतडीतून तो ओळीच्या ओळी समजून घ्यायचा. पुण्यातल्या एका कंपनीने त्याला घेतलं, घरून काम करायची मुभा दिली. आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून, मान थोडी वाकडी करून तो बसलेला असायचा. चूक सापडली की ओठाचा एक कोपरा वर जायचा. मी दारातून बघत राहायचे. एकदा मला म्हणाला, "अक्का, बाहेर गेलं की समदी माझा हात धरत्यात. हितं कुणी धरत न्हाय. हितं मी लई फास्ट हाय." त्याच्या नोकरीबद्दल याहून जास्त तो कधी बोलला नाही. मला तेवढं पुरे होतं, आणि घरात इतरांनाही ते न बोलता ठाऊक होतं.

गेल्या उन्हाळ्याआधी निघालेल्या आवृत्तीत एक सुधारणा आली. आमच्या भाषेत एक खिडकी असते. तिच्यात एक ओळ लिहायची, लगेच उत्तर मिळतं, मग पुढची ओळ. बसूचं सगळं काम त्या खिडकीत चालायचं. पूर्वी ती अगदी साधी होती, काळ्यावर पांढरं. नव्या आवृत्तीत तिला रंग आले, चुकीची अक्षरं लाल दिसू लागली, वर जाऊन जुनी ओळ दुरुस्त करता येऊ लागली. मी स्वतः बघितली तेव्हा म्हटलं, वा. हे सगळं साधायला ती खिडकी दर अक्षराला सगळी ओळ पुसून नव्याने काढायची. डोळ्यांना ते कळतही नाही. पण बसूच्या कानात दर अक्षराला ओळ पहिल्यापासून वाचली जाऊ लागली. एक अक्षर लिहिलं की पहिल्यापासून. दुसरं लिहिलं की पुन्हा पहिल्यापासून. शब्द पुरा व्हायच्या आत तो काय लिहीत होता हेच त्या गलक्यात बुडून जायचं. पहिल्या दिवशी त्याने हेडफोन काढून टेबलावर ठेवले.

कंपनी जूनअखेर सगळीच नव्या आवृत्तीवर जाणार होती, तोवर तिचा सराव करून घ्या म्हणाली होती. जुनी खिडकी परत आणायची एक युक्ती होती, पण ती घरच्या लॅपटॉपवर. बसूचं काम कंपनीच्या दूरच्या मशीनवर चालायचं आणि तिथल्या सगळ्या हत्यारांची गाठ नव्या खिडकीशी मारलेली. त्याच्या वरचा माणूस काही वाईट नव्हता. फोनवर म्हणाला, "एकट्यासाठी वेगळं ठेवणं अवघड आहे हो बसवराज. जूनपर्यंत त्या लोकांनी दुरुस्त केलं तर प्रश्नच मिटला." बसू "व्हय सर" म्हणाला. फोन ठेवल्यावर मला म्हणाला, "म्हंजे त्या लोकांच्या हातात हाय." ते लोक म्हणजे आम्हीच होतो एका अर्थी.

तो उन्हाळा आठवला की मला आधी आवाज आठवतात. बैठकीच्या खोलीतला कुलर घरघरायचा आणि ती घरघर आतल्या खोलीपर्यंत जायची, म्हणून बसू काम करताना तो बंद करायला लावायचा. आतल्या खोलीवर पत्र्याचं छप्पर, बाहेर पारा चव्वेचाळीसच्या पुढे, आणि कुलर बंद. घाम त्याच्या कोपरावरून कळफलकावर ठिबकायचा. भिंतीपलीकडे तेलुगू शेजाऱ्यांचे यंत्रमाग. त्यांची खटाखट सकाळपासून. वीज गेली की माग थांबायचे, गल्ली एकदम शांत व्हायची, आणि बसू वैतागून हसायचा. कारण शांतता मिळाली की इंटरनेट गेलेलं असायचं. मग मोबाइलवरून जोडायचं, तेही मधेच तुटायचं. अव्वा आंबिलीचा पेला आणून त्याच्या हातात द्यायची आणि दाराशी थांबून बघायची. तिला यातलं काही कळत नव्हतं, पण पोराच्या पाठीकडे बघून जे कळायचं ते तिला कळत होतं. "साकु बिडो," म्हणायची. पुरे आता, सोड. तो मान हलवायचा.

बसूने रीतसर तक्रार नोंदवली. अशा तक्रारींचा एक सार्वजनिक फळा असतो, जगातलं कुणीही लिहावं. उत्तर आलं, की माझ्या मशीनवर असं काही दिसत नाही. बसूला हे वाक्य फार लागलं. "दिसणार कसं? ऐका म्हणतोय मी." आमच्या या कामात एक पक्की रीत आहे. दोष दुसऱ्याच्या मशीनवर उभा करून दाखवता आला तरच तो दोष. रीत चांगली आहे, नाहीतर जगभरच्या रडगाण्यांत खरं कुठलं ते कसं ओळखायचं. पण ज्यांच्याकडे तो आवाजच बसवलेला नाही त्यांच्यापुढे हा दोष उभा कसा करायचा? शिवाय फळ्यावर एक स्वयंचलित झाडूवाला फिरत असतो. काही दिवस कुणी काही लिहिलं नाही, की तो विचारतो: हा प्रश्न अजून आहे का? उत्तर आलं नाही तर तक्रार बंद. बसू दर वेळी दोन शब्द लिहायचा. अजून आहे. पुन्हा काही दिवसांनी, अजून आहे. वीज गेलेली, जोडणी तुटत असताना तेवढे दोन शब्द पोचवणं हेही सोपं नव्हतं. मी म्हटलं, मी लिहिते. म्हणाला, "न्हाय, मीच लिहितो. मी हाय तवर लिहितो." मला ते ऐकवलं नाही.

मग मी माझं काम बाजूला सारून त्या खिडकीच्या कोडमध्ये शिरले. घोडं कुठे पेंड खातंय ते सापडायला आठवडा गेला. बदललेलं अक्षर तेवढंच लिही, बाकीच्या ओळीला हात लावू नको, असा साधा उपाय होता. बसूला हेडफोन दिला. तो एकेक कळ दाबून ऐकत होता आणि मी त्याच्या ओठाच्या कोपऱ्याकडे बघत होते. कोपरा वर गेला. त्या दुपारी अप्पांनी दुकानातून येताना कलिंगड आणलं होतं, ते आम्ही फरशीवर बसून, हात लाल होईपर्यंत खाल्लं. बसू बिया थुंकत सांगत होता की आता नव्या आवृत्तीतलं काय काय त्याला शिकायचं आहे. त्या उन्हाळ्यातली चांगली म्हणावी अशी ही एवढीच दुपार माझ्यापाशी आहे.

मी उपाय पाठवला. त्या भागाची देखरेख करणारा माणूस परदेशातला, अतिशय सभ्य. त्याने आभार मानले आणि कळवलं, की दुसऱ्या एकाचा याहून सोपा उपाय आधीच आत घेतला आहे. दोघा स्वयंसेवकांनी मुद्दाम स्क्रीन रीडर बसवून खात्री केली. व्यवस्थित चालतं. तक्रार बंद. आम्ही तो नवा उपाय घरी लावून बघितला. ओळ पुन्हा पुन्हा वाचणं थांबलं होतं हे खरं. पण आता लिहीत असताना काहीच बोललं जात नव्हतं. अक्षर दाबलं तरी गप्प. ओळ संपवली की मग एकदाच, सगळी. मधे चुकलं तर कळायला मार्ग नाही. हे त्या दोघांना कसं कळलं नाही याचा मी दोन दिवस विचार करत होते. मग बसूनेच सांगितलं, शांतपणे. "डोळं उघडं ठिऊन ऐकलंय त्यांनी." अक्षर त्यांना समोर उमटताना दिसत होतं, म्हणून कानाला काही कमी पडलंय असं वाटलंच नाही. त्यांनी मनापासून केलं होतं, फुकट केलं होतं, आपला वेळ दिला होता. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असं म्हणून मला हसताही येईना.

आणि तेवढ्यात फ्रीझ लागला. आता यातली गंमत ऐका. तक्रार दुरुस्त म्हणून बंद झालेली. दुरुस्त झालेल्या गोष्टीला पुन्हा हात लावायचा म्हणजे ती दुरुस्ती नव्हे, ती सुधारणा. आणि सुधारणांना दार बंद. मी लिहिलं, की मुळात दुरुस्ती झालेलीच नाही. उत्तर आलं, की मग नवी तक्रार नोंदवा, तिचं गांभीर्य ठरवू. नोंदवली. गांभीर्य ठरलं: साधारण. मी त्या शब्दाकडे बघत बसले. त्या माणसाच्या जागी मी असते तर मीही तेच ठरवलं असतं. लाखो लोक ती खिडकी वापरतात, त्यातल्या कितीजणांचं अडलंय? नियम वाकवला तर उद्या प्रत्येकजण आपलं गाऱ्हाणं घेऊन दारात उभा राहील. हे सगळं मला पटत होतं, आणि पलीकडच्या खोलीत माझा भाऊ घामाने निथळत कानाला हेडफोन लावून गप्प खिडकीशी बोलत होता.

एका दुपारी वीज नव्हती. पलीकडचे माग थांबलेले. बसू आला आणि माझ्याशेजारी फरशीवर बसला. म्हणाला, "लिही. मी सांगतो तसं लिही."

"सांग."

"लिही, मी आंधळा हाय."

हा शब्द आमच्या घरात कुणी वापरत नसे. दिसत नाही म्हणायचो, नजर गेली म्हणायचो. मी म्हटलं, "असं नको रे. जरा वेगळ्या शब्दांत लिहू."

"वेगळ्या शब्दांत लई वेळा लिहिलं की. त्यांना ते दिसंना. लिही, मी आंधळा हाय आणि ही माझी नोकरी हाय. दुसरी मला कोण देणार न्हाय. लिही."

मी लिहिलं. इंग्रजीत ते आणखीच उघडंवाघडं दिसत होतं. तो मला परत परत वाचून दाखवायला लावत होता, आणि प्रत्येक वेळी त्याची मान थोडी आणखी खाली जात होती. मोबाइलच्या जोडणीवरून तो मजकूर पाठवला. अव्वा दारात होती. तिला इंग्रजी येत नाही, पण ती पदर तोंडाला लावून आत निघून गेली.

उत्तर संध्याकाळी आलं. खूप कळवळून लिहिलेलं. अतिशय वाईट वाटलं, आमच्याकडून हे व्हायला नको होतं, पुढच्या आवृत्तीत हे नक्की करू, मी स्वतः लक्ष घालतो. पुढची आवृत्ती म्हणजे पुढचं वर्ष. मी ते बसूला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "माणूस चांगला हाय." मग उठून त्याने जाऊन कुलर लावला. त्या उन्हाळ्यात कामाच्या वेळी पहिल्यांदाच कुलर चालू झाला. गार वाऱ्यात आम्ही सगळे बसलो. अप्पा म्हणाले, "दुकान काय दुसऱ्याचं हाय का? तुझंच की." त्यांचं भुसार मालाचं दुकान, ज्वारी, तूर, मिरची. त्यांनी ते अगदी प्रेमाने म्हटलं होतं. बसू "व्हय अप्पा" म्हणाला. मला वाटलं, यापेक्षा तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

जूनअखेर कंपनीचा लॅपटॉप परत पाठवायचा होता. अव्वाने तो टॉवेलात गुंडाळला, खोक्यात चारी बाजूंनी कागद कोंबला. मी पूर्वी पुण्यात होते तेव्हा मला कडक भाकरी पाठवायला ती असंच खोकं भरायची. भाकरी मोडू नये म्हणून.

मी मात्र सोडलं नाही. त्यात माझा काही मोठेपणा नाही, मला दुसरं काही करता येत नव्हतं म्हणून. पावसाळाभर त्या परदेशातल्या माणसाशी पत्रव्यवहार चालला. त्याने शब्द पाळला हे कबूल केलं पाहिजे. नुसत्या कानांवर काम करणारी, न दिसणारी माणसं शोधली, त्यांच्याकडून तपासून घेतलं, माझ्या उपायातली एक कच्ची बाजू काढून दाखवली, ती मी भरली. कधी महिना महिना उत्तर नाही, कधी एका दिवसात चार पत्रं. दिवाळी गेली, संक्रांतीतली गड्ड्याची जत्रा गेली. घरी जेवताना मी कधी विषय काढला की बसू पाण्याचा तांब्या माझ्याकडे सरकवायचा आणि बाजारातलं काहीतरी सांगायला लागायचा. ज्वारी कशी आली, मिरचीने डोळे कसे चुरचुरले. मग मीही काढेनाशी झाले. आतल्या खोलीतल्या त्याच्या टेबलावर अव्वाने लोणच्याच्या बरण्या ठेवल्या.

यंदाचं दार लागायच्या थोडं आधी आमची दुरुस्ती आत गेली. यादीत एक ओळ आली: लिहिताना अक्षर वाचलं न जाण्याचा दोष दूर केला. मी ती किती वेळा वाचली कुणास ठाऊक. रीतीप्रमाणे तक्रारीखाली विनंतीही होती, की ज्यांनी दोष कळवला त्यांनी एकदा खात्री करून सांगावं, म्हणजे बंद करता येईल.

परवा दुपारी माझा लॅपटॉप घेऊन मी दुकानात गेले. बाजार पेंगत होता. हमाल पोत्यांवर आडवे झालेले, मिरचीचा खाट हवेत. बैल गेला नि झोपा केला असं अप्पा म्हणतील म्हणून मी मन घट्ट करून गेले होते, पण त्यांनी गादीवरून उठून आम्हाला जागा करून दिली आणि बाहेर जाऊन उभे राहिले. बसूने बोटं सदऱ्याला पुसली. मी हेडफोन त्याच्या कानाला लावला आणि त्याचे हात कळफलकावर ठेवले. खरं तर ठेवायची गरज नव्हती, ते आपणच जागेवर गेले. त्याने एक अक्षर दाबलं. मग दुसरं.

"बोलतंय?" मी विचारलं.

"बोलतंय."

"प्रत्येक अक्षर?"

"व्हय. बरोबर बोलतंय." त्याने आणखी काही अक्षरं दाबली, पुसली, पुन्हा दाबली. मग बोटं थांबली. त्याचा चेहरा मला नीट दिसत होता आणि त्यावर काही येत नव्हतं.

"काय झालं रे?"

"काय न्हाय." लॅपटॉप माझ्याकडे सरकवत म्हणाला, "ह्याच्यावर आपण काय लिहीत होतो, तेच आठवंना बग अक्का."

त्याने हेडफोन काढला, वायरची नीट घडी केली आणि माझा हात शोधून त्यात ठेवली. दारात गिऱ्हाईक आलं होतं. तो उठून पोत्यांना हात लावत लावत तिकडे गेला आणि विचारलं, काय पायजे. मी लॅपटॉप मांडीवर घेतला. विनंतीखाली लिहिलं: हो, ज्यांनी दोष कळवला होता त्यांनी स्वतः तपासलं, आता व्यवस्थित चालतं. तिकडे लगेच कुणीतरी टाळ्यांची खूण टाकली, आणि तक्रार बंद झाली.